चौथं शील

प्रिय राजरत्न,

तुमच्या केंद्रात फोन बंद, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस, अंगणवाडीतून घरी येईपर्यंत हात गळून गेलेले असतात. डॉक्टर सांगत होते, आता तुझे हात थरथरत नाहीत, दोन वेळा नीट जेवतोस. ऐकून बरं वाटलं रे.

जाताना गळ्याची शपथ घालून गेलास, दारू सोडवायला साताऱ्याला गेलोय हे आईला कळता कामा नये. म्हणून तू महाबळेश्वरला टॅक्सीवर आहेस, पावसानं रेंज जाते, असं मी रोज सांगते. कहर म्हणजे इथल्याच, आष्ट्यातल्या दुकानातून स्ट्रॉबेरीचा जॅम आणला आणि तू पाठवलास म्हणून तिच्या हातात ठेवला. बाई रोज चपातीला लावून खाते आणि तुझं नाव काढते. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. दमले बघ मी.

रविवारी विहारात वंदना मीच घेते, तुला माहीत आहे. मी म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. गेल्या रविवारी तीन शीलं झाली आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाजच फुटेना. समोर आई, हात जोडून माझ्या तोंडाकडे बघतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आईनंच बसल्या जागेवरून मोठ्यानं चौथं शील म्हटलं आणि सगळे तिच्या मागून म्हणाले. पाचवं मी कसंबसं उरकलं.

घरी येताना तिला सगळं सांगून टाकलं. तर म्हणते कशी, मला ठावं हाय गं आम्रपाली, बाटलीवर चौकातल्या दुकानाचं लेबल तसंच हाय. त्याची दारू मला दिसत न्हवती व्हय? तुला वाईट वाटंल म्हणून गप ऱ्हायले. म्हणजे इतके दिवस ती माझ्यासाठी गप्प आणि मी तिच्यासाठी खोटी! भर रस्त्यात रडू आलं मला.

तुझी शपथ मोडली, रागव हवं तर. पण या रविवारी भेटीच्या वेळेला आई माझ्याबरोबर येतेय, हे सांगायला लिहिलं. अर्धा जॅम तिनं तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तिथंच बाकावर बसून पंचशील म्हणायचं म्हणते. चौथं आम्रपाली म्हणंल, आणि पाचवं, नशा न करण्याचं, राजरत्न म्हणंल, मी मागनं म्हणीन. दाढी करून बस रे.

तुझीच, दमलेली
ताई