हिरव्या पट्ट्यातली खाच

प्रिय बारके,

तुझा फोन आला की तू "जेवलीस का" विचारतेस, मी "सगळं ठीक आहे" म्हणते आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. म्हणून आज लिहायला बसले. रोपवाटिकेत गुलाबाच्या कलमांची गडबड चालू आहे. नवी बाई हाताची चलाख आहे, पण झाडांशी इतक्या गप्पा मारते की गिऱ्हाईक ताटकळत राहतं. दादाचा गुडघा बरा आहे. कुरकुर मात्र आहे तशीच आहे.

तुमच्या कार्यालयाचा प्रादेशिक आराखडा लोकांनी बघावा म्हणून इथे सभागृहात लावलाय, तो मी पाहून आले. अख्खी भिंत भरली आहे. लेकीचं काम म्हणून चष्मा पुसून पुसून पाहिलं. नदीकाठाने तुम्ही हिरवा पट्टा ठेवलाय, तिथे बांधकाम नाही, पुराला पसरायला जागा. शेजारचे गोठेवाले भावजी माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांची सगळी जमीन हिरव्यात गेली. आणि त्यांच्या कुंपणाला लागून असलेली, त्यांच्यापेक्षाही सखल अशी आपली रोपवाटिका पिवळी. म्हणजे घर बांधा, गोदाम बांधा, काय हवं ते करा. लांबलचक पट्ट्याला नेमकी आपल्यापुरती खाच. भावजी रागावले नाहीत. "वहिनी, तुमचं बरं आहे, नकाशा घरचाच," एवढंच म्हणाले आणि मला पुढे जायला वाट करून दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दादा खूश होता. गोदामवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. "आई, आता तरी चिखल तुडवणं बंद कर," म्हणाला. त्याला हाव सुटली आहे असं समजू नकोस, त्याला माझं म्हातारपण दिसतं. तुलाही दिसतं. तुझे बाबा गेले त्या वर्षी पूर ओसरल्यावर आपण दोघी चिखलातून कुंड्या वेचत होतो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "एक दिवस तुला मी यातून बाहेर काढीन." मी विसरले नाही.

पण त्या वर्षी पाणी आपल्याकडे मुक्कामाला थांबलं, म्हणून खालचा बाजार कोरडा राहिला. इथे गोदामासाठी भराव पडला तर ते पाणी कुठे जाईल, हे मला तूच शिकवलंस. कॉलेजात होतीस. परातीत पाणी ओतलंस, मध्ये वाटी ठेवलीस आणि माझा ओटा भिजवलास. मी तुला फडकं फेकून मारलं होतं, पण समजलं होतं.

खाच कोणी पाडली ते मी विचारत नाही. तूही फोनवर सांगू नकोस. मी दादाला म्हटलं, जमीन माझ्या नावावर आहे आणि मला ती हिरव्यात हवी आहे. तो बरेच दिवस ताट समोर ठेवलं की खाली बघून जेवायचा. मग काल सकाळी स्कूटर काढून दारात उभा राहिला. तुमच्या इथल्या कार्यालयात माझ्यासाठी रांगेत थांबला. "अजून विचार बदलता येईल," म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. परत येताना गोदामवाल्याला त्यानेच फोन केला.

तर काल मी तुमच्या आराखड्यावर हरकत घेतली आहे. माझी जमीन पट्ट्यात घ्या, एवढंच लिहिलंय, त्यात कोणाचंच नाव घातलेलं नाही. सुनावणीला माझा पुकारा होईल आणि तुझ्या साहेबांच्या शेजारी तू बसलेली असशील. भरल्या सभागृहात तुला मी अचानक दिसू नये, म्हणून हे पत्र. आणि त्याआधी तुला स्वतःहून साहेबांना काही सांगायचं असेल, तर त्याला वेळ मिळावा, म्हणूनही. ते काय म्हणतील ते म्हणतील. दादाला आणि मला जे समजायचं ते समजलं आहे, आणि घरात तुझ्याबद्दल वाकडा शब्द निघालेला नाही. मी बोलायला उभी राहीन तेव्हा खाली बघू नकोस, बाळा. माझ्याकडे बघ.

तुझ्याच बाजूची,
आई