अकोला मद्रासच्या रेषेवर

ता. ११ एप्रिल १८६६, अकोला
अमरावतीच्या साहेबांचा हुकूम. नकाशासाठी अकोल्याचे अक्षांश-रेखांश काढून ठेवणे. १७ ला स्वतः येतात. बरोबर निघाले तर मोजणी कचेरीतली माझी कारकुनी कायम, नाहीतर गाशा गुंडाळून पुण्यास. सोबत कोन मोजण्याचं यंत्र आणि मद्रासच्या वेळेला लावलेलं घड्याळ. इथे सूर्य माथ्यावर आला की त्या घड्याळात बाराच्या पुढे किती झाले ते पाहायचं. दर मिनिटाला पाव अंश मद्रासच्या पश्चिमेस. सोपं आहे. असावं.

ता. १२
कापसाच्या गाड्यांची धूळ नको म्हणून घड्याळ खोलीत. घरमालकीण गिरजाबाई माळीण राखणीला. मी बाहेर मळ्यात, यंत्राला डोळा लावून. सूर्य माथ्यावर येताच आत धावलो. ठीक बारा! अक्षांश वीस अंश बेचाळीस कला, फक्कड. रेखांश मात्र थेट मद्रासचे.

ता. १३
पुन्हा ठीक बारा. म्हणजे अकोला नागपूर ओलांडून पूर्वेला गेलं. नागपूरहून आलेल्या गाडीवानाला विचारलं, कोणीकडून कोणीकडे आलास? "उगवतीकडून मावळतीकडं. कावून?" काही नाही म्हटलं. जेवण गेलं नाही.

ता. १४
उलगडा झाला. गिरजाबाई कौतुकाने म्हणाल्या, "म्या सरळ केलं तवापासून घड्याळ कसं नीट चालून राहिलं, पंत!"
"सरळ केलं?"
"परवा लय पुढं होतं. मोटेचे बैल सोडाची येळ झाली, म्हंजे बारा. म्या काटा मांगं सारला."
"किती?"
"एक पेर."
त्यांचं बोट तबकडीवर ठेवून पाहिलं. दहा मिनिटंही होतात, सोळाही. डोकं धरून बसलो. बाईंनी ताक दिलं.

ता. १५
तारघरात मद्रासची वेळ मागितली. बाबू म्हणे, साहेबांची चिठ्ठी आणा. चिठ्ठीसाठी साहेबांना काय लिहू? माळणीने मद्रास हलवलं?

ता. १७
साहेब आले. सगळं खरं सांगितलं. गिरजाबाई मधेच, "त्याले नका बोलू. चूक घड्याळाची हाय." आणि साहेबांना हाताला धरून विहिरीवर नेलं! मी मेलो.
मोटेच्या खांबाची सावली ठरल्या खुणेवर आली. बाईंनी बैल सोडले. "झाले बारा. तुमचं काढा."
साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. ते अमरावतीच्या वेळेचं. बारा वाजून तीन मिनिटं.
"हे बी पुढंच!"
साहेबांनी सावलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अमरावती पूर्वेला, तिचे रेखांश पक्के ठाऊक. तीन मिनिटं म्हणजे अकोला तिच्या पाऊण अंश पश्चिमेस. मला उमगलं, त्यांनाही उमगलं असावं. पेन्सिल निघाली. तेवढ्यात बाईंचं बोट काट्याकडे गेलं.
"हात लावू नका!" मी असा ओरडलो की बैल उधळले.
साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. उद्या बाराला परत ताडून पाहायला येतो म्हणाले. मी हजर राहायचं का, विचारलं. म्हणाले, "तिला राहू दे."