लाल दोरा बांधलेली झूल

१८ ऑग., सोम.
शुक्रवारी पोळा, अन् नागपूरहून बैलांच्या झुलींचं पार्सल अजून नाही. फोनवर दाखवते, 'हैदराबादला पोचलं'. अरे, आमच्या आदिलाबादचा माल आदिलाबाद ओलांडून हैदराबादला काऊन नेला? कुरिअरवाला म्हणे, "मॅडम, सिस्टम ऐसाइच है." आग लागो त्या सिस्टमला!
गिऱ्हाईक दुकानात, व्हॉट्सॲपवर, ह्यांच्या त्या ॲपवर. कपाट मात्र एकच.

१९, मंगळ.
घात झाला. आरसे लावलेली हिरवी झूल-जोडी गेली. मामाजींनी तिला विठ्ठलभाऊंसाठी लाल दोरा बांधला होता. आमच्याकडे दोरा बांधला म्हणजे विकलं. इसार नाही, पावती नाही, नुसता शब्द. विठ्ठलभाऊ दर पोळ्याला आमच्याकडूनच नेतात. औंदा गावात त्यांच्याच जोडीला पहिला मान. अन् ह्यांनी ॲपसाठी फोटो काढताना दोरा सोडला. का, तर "फोटोत बरा नाही दिसत"! मंचेरियलच्या कोणीतरी घेतली, ह्यांनी पाठवूनही दिली.
मामाजी लेकाला म्हणाले, "दोरा नाही, माहा शब्द सोडला तू."
हे म्हणे, "बाबा, ठेवलं असंन तर ॲपवर टाकत जा ना." मामाजी अन् ॲपवर! डोकं फिरलं माहं.

२०, बुध.
पार्सल हैदराबादहून निघालं म्हणे. त्यात तशीच हिरवी जोडी आहे. विठ्ठलभाऊंचा फोन आला, "उद्या येतो झूल न्याले." मामाजी म्हणाले, "या."

२१, गुरु.
पार्सलची गाडी इथून जवळच, गुडीहत्नूरला उभी. हे मोटारसायकल घेऊन धावले. ड्रायव्हर म्हणे, सील आदिलाबादच्या गोदामातच तोडणार. अन् गोदामाला कुलूप, माणसं पोळ्याला गावी गेली! हसू का रडू.
विठ्ठलभाऊ आले. मामाजींनी दुसरी झूल काढली, त्यांनी हातही नाही लावला. "असू द्या, शेठ," म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२२, पोळा
कुलूप तसंच. मंचेरियलवाला झूल वापस करून राह्यला, 'रंग फोटोसारखा नाही'. मी ह्यांच्याशी बोलणंच टाकलं.
मामाजी सकाळीच विठ्ठलभाऊंच्या गावी गेले, रिकाम्या हातानं. आत्ता आले. मानाची जोडी उघड्या पाठीनंच तोरणाखाली उभी राह्यली म्हणे. तरी विठ्ठलभाऊंनी आग्रह करकरून पुरणपोळी वाढली.
निघताना मामाजींनी इचारलं, "पुढच्या साली झूल ठेवू ना?"
"पाहू," म्हणाले.