अडुसष्टाव्या वर्षी मला दिवस गेले त्याची हकीकत

ती. वन्सं मॅरियन यांस,

बाल्मेरीहून भावजय ग्रिझेलचा वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा नमस्कार कमरेपर्यंतचाच समजावा). लीथच्या दमट हवेत तुमचा दमा कसा आहे आणि तुमची ती चावरी मांजर अजून आहे की गेली, ते कळवावं. मागचं पत्र तुम्ही "घेणाऱ्यानं का पैसे भरायचे" म्हणून दारातूनच परत लावलंत. या खेपेला टपालाच्या भानगडीत न पडता भरवशाच्या हाती दिलं आहे. हे परत पाठवायची सोय नाही.

इकडची हालहवाल अशी, की मला दिवस गेले आहेत. हसू नका, आधीच दम लागतो तुम्हांला. सारा गाव हसतो आहे तेवढं पुरे. चर्चच्या पंचमंडळानं मला बोलावून घेतलं, आणि चर्चमधल्या पाप्यांच्या त्या काळ्या स्टुलावर सगळ्या गावासमोर तीन रविवार बसायची पाळी माझ्यावर येते की काय, इथवर गोष्ट गेली. याचं मूळ तुम्ही आहात. एडिंबरोचे ते डॉक्टर गिल्मर तुम्हीच सुचवलेत. "वहिनी, शहाणी माणसं आता वैदूच्या नादी लागत नाहीत, डॉक्टरला पत्र लिहितात." तेव्हा म्हटलं, आपणही मरायच्या आधी एकदा शहाणं होऊन बघावं.

आता माणूस बघायचा नाही, जीभ बघायची नाही, नुसता कागद वाचून औषध द्यायचं, हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. आमचा नालवालासुद्धा आधी घोड्याच्या पायाला हात लावतो. पण डॉक्टरांची अट अशी, की दुखणेकऱ्यानं काही लपवू नये, झोप, भूक, शौच, स्वभाव, सगळं लिहावं. मी लिहायला बसले. माझं शिक्षण तुम्हांला ठाऊक आहे. दोन हिवाळे शाळेत गेले, त्यातला एक शेकोटीजवळ झोपून काढला. एक ओळ लिहायला मला लोणी काढायला लागतो तेवढा वेळ लागतो. तरी गुडघा लिहिला, डावा कान लिहिला, उरलेले तीन दात लिहिले, पोटातला वारा लिहिला (त्यालाच अर्धं पान गेलं). स्वभाव विचारला होता, तिथं "गरीब" लिहिलं. वय विचारलं होतं, तिथं "पुरेसं" लिहिलं. माणसानं परक्या पुरुषाला याहून जास्त काय सांगायचं?

खाली चार बोटं जागा उरली. दुसरा कागद घातला तर टपाल दुप्पट, आणि कोरी जागा पाठवायची म्हणजे रिकामी गाडी बाजारात न्यायची. आमच्याकडं कामाला राहिलेली बेथिया गेले काही दिवस सकाळी ओकत होती, भिंतीचा चुना खरवडून खात होती, पीठ मळता मळता दाराला टेकत होती. पोरगी अठराची, पोट नाजूक, ताक आंबट. म्हटलं, एका दमडीत दोन दुखणी बरी होत असतील तर का सोडा? ते सगळं मी त्या चार बोटांत कोंबलं. नाव घालायला जागा राहिली नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरांचं अक्षर असं, की कोंबडी शाईत पडून पळाली असावी. तेव्हा रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबांना वाचायला बोलावलं. आणि रिवाजाप्रमाणेच सारी आळी माझ्या स्वयंपाकघरात जमली, कारण एडिंबरोचं औषध एकाला आलं तरी सगळे घेतात. गिरणीवाला साँडर्स पाठदुखी घेऊन आला, त्याची बायको जॅनेट खोकला घेऊन आली. साँडर्स आता पंचमंडळात आहे, त्यामुळे बसतो तोही न्याय देतो आहे अशा थाटात.

पाद्रीबाबांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले, जसं रविवारी वाचतात. गुडघ्याला जळवा लावा. कानात कोमट तेल. ओटची पेज बंद. इथवर सगळे माना हलवत होते. मग बाबा म्हणाले, "बाईसाहेब, सकाळच्या ओकाऱ्या, चुना खाण्याची वासना आणि उभ्या उभ्या येणारी घेरी, यावरून..." आणि थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी स्वतःशी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं, मग परत वाचली. "...यावरून आपण गर्भार आहात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोड्यावर बसू नये. यजमानांना हळूच सांगावं."

यजमान म्हणजे तुमचे बंधू. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना हळूच काय, ओरडून सांगितलं तरी ऐकू जायचं नाही.

मग साँडर्स उठला. "ग्रिझेल, हा मंडळाचा प्रश्न आहे. बाप कोण?"

मी म्हटलं, "या वयात मी कुठं जाते, साँडर्स? दर मंगळवारी तुझ्या गिरणीत."

जॅनेटचा खोकला तिथल्या तिथं बरा झाला. असं गुणकारी पत्र मी दुसरं पाहिलं नाही. साँडर्सला घरी काय मिळालं ते ठाऊक नाही, पण दोन दिवस गिरणी बंद होती.

बुधवारी मला मंडळापुढं उभं केलं. पाद्रीबाबा तसे हुशार. म्हणाले, "आजी, त्या कागदात दुसऱ्या कुणाचं दुखणं मिसळलं तर नाही ना? बघा, खरं सांगा." आणि त्यांची नजर माझ्या मागं गेली, जिथं बेथिया माझी काठी धरून उभी होती. मी म्हटलं, "सगळं माझंच. ओकारीसुद्धा माझी." साँडर्स म्हणाला, "अडुसष्टाव्या वर्षी?" मी म्हटलं, "बाबांनी गेल्याच रविवारी बायबलातल्या साराची कथा सांगितली. नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला तिला. ती खोटी म्हणायची का?" शेवटी ठरलं, की वर्ष सरेपर्यंत वाट बघायची. मूल झालं तर स्टूल, नाही झालं तर माफी.

तेव्हापासून मी गावातून पोट पुढं काढून चालते. पोरं मागून पाळण्याची गाणी म्हणतात. कोळणीनं मला दोन मासे जास्त घातले, "दोघांसाठी खा गं आजी." जन्मात इतकं कौतुक खऱ्या सहा बाळंतपणांत झालं नव्हतं. आणि सगळे माझ्याकडं बघतात, त्यामुळे दुसरीकडं कुणी बघत नाही.

बाकी ठीक. गायी दूध देतात. तब्येतीस जपा.

तुमची भावजय,
ग्रिझेल

ता. क. पेज सोडल्यापासून गुडघा खरंच हलका आहे. डॉक्टर अगदीच टाकाऊ नाहीत. भेटले तर सांगा, निदान बरोबर होतं, बाई चुकली.

ता. क. दुसरा. ताकाचं मी उगाच लिहिलं. ताक चांगलं होतं, आणि सहा पोरांच्या आईला चुना खाणारी पोर ओळखायला एडिंबरो लागत नाही. तरी खात्रीसाठी दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं, आणि गावात विचारायची सोय नव्हती. बाप रॉबी, लीथच्या बंदरावर पिंपं बांधतो. मार्चमध्ये इथून गेला, त्याला अजून यातलं काही ठाऊक नाही. त्याला घरी बोलवा, तुम्ही आणि तुमचा भाडेकरू कप्तान समोर बसा. "ही माझी बायको" आणि "हा माझा नवरा", दोन साक्षीदारांपुढं एवढं म्हटलं की आपल्याकडं लग्न लागलं. कागद करून घ्या, तारीख जरा मुरलेली घाला. त्यानं काचकूच केलं तर त्याच्याकडं नुसतं बघा, माझ्या लग्नात माझ्याकडं बघितलं होतंत तसं. मी अजून विसरले नाही.

ता. क. तिसरा. पत्र आणणारी बेथियाच आहे. ती छापलेलं वाचते, पण माझं अक्षर तिला लागत नाही, चाळीस वर्षांत ते तुमच्याखेरीज फक्त त्या डॉक्टरांना लागलं आहे. आत काय लिहिलंय ते तिला कळायचं नाही. पण तोंड वाचता येतं पोरीला, आणि आत्ता ती तुमच्या दारात उभी राहून तेच वाचते आहे. तेव्हा कागदावरून मान वर कराल ती जरा हसून करा. जड जाईल तुम्हांला, पण करा.