बिशपच्या लेकीची दीक्षा

४ नोव्हेंबर, मंगळवार
नव्या बिशपसाहेबांचा फोन! रविवारी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये माझी पाळकपदाची दीक्षा. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी! बाबांना सांगितलं. ते संत्रं सोलत होते. “बरं,” म्हणाले आणि बिया वेगळ्या काढत राहिले.

इतकी वर्षं बिशप होते हे गृहस्थ. कितीजणांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना पाळक केलं! माझं नाव निघालं की एकच – “बिशपची पोरगी म्हणून झाली, असं लोक म्हणतील.” आमच्या मंडळीतल्या बालाजीला मात्र केलं. त्याचे उपदेश मी लिहून द्यायची. तो वाचतानाही अडखळायचा, तरी बाबांच्या मते पोरगं गुणाचं!

६ नोव्हेंबर
जिवन आत्यानं विषय काढलाच. “दादा, रविवारी जाऊन राहिला न्हवं? तुझा बी हात पडू दे लेकराच्या डोक्यावर.”

“मी आता रिटायर मानूस. माझं काय काम तिथं?”

रिटायर! परवा नरसीला कुणाच्या नव्या घराची प्रार्थना होती, तर बिशपचा जांभळा झगा घालून गेले की. इस्त्री मीच करून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार
झाले पाळक. गुडघे टेकले, डोक्यावर सगळ्या पाळकांचे हात. मूर्खासारखी एकेक हात ओळखत बसले. बाबांचा नव्हता. मी घरून निघताना म्हणाले होते, “गुडघे लई तकलीफ देऊन राहिले.”

१० नोव्हेंबर
गुडघे आज ठणठणीत! पुसेगावभर फिरून आले.

१३ नोव्हेंबर
रविवारी जवळा बाजारच्या चर्चमध्ये माझ्या हातचं पहिलं प्रभुभोजन – भाकर आणि द्राक्षरस मी वाटणार. बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. आले काय, न आले काय, मला फरक पडत नाही. आत्याला मात्र सांगितलं – ओसरीत, ते ऐकतील इतक्या मोठ्यानं. लाज वाटते स्वतःची.

१६ नोव्हेंबर, रविवार
बाबा आले. लोकांनी धावत जाऊन बिशपची खुर्ची आणली. ते बसले नाहीत. सतरंजीवर, सगळ्यांच्या मागे बसले. भोजनाला रांगेतून पुढे आले, गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे केले.

मी त्यांच्या अलीकडच्या सखुबाईंच्या हातावर भाकर ठेवली. मग बाबांना ओलांडून पलीकडच्या भीमराजच्या.

आत्या रडून राहिली आहे – “नजरचुकीनं झालं म्हन ना, शिले! जाऊन सांग त्याला.”

नजरचूक नव्हती.