पाचाच्या पुढं काय?

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्राचा कोलू मांडला, बाहुल्यांची आरास. सात पायऱ्या. सगळ्यांत वर माझ्या लग्नात मिळालेली लाल लाकडाची नवरा-बायकोची जोडी, तळाला वाणसामानाचं दुकान थाटून बसलेला मातीचा चेट्टियार. लेक कीर्ति लगेच त्याच्याकडे डाळ मागायला बसली. चार वर्षांची आहे, दिसेल ते खेळणं! "फुटेल!" म्हणून मी ओरडले आणि तिच्या हातात पाटी दिली.

विजयादशमीला तिचं नाव शाळेत घालायचं आहे. माझ्याच शाळेत! वीसपर्यंत आकडे आले नाहीत तर पहिलीच्या टीचरनं तोंड कुठं लपवायचं?

पाचापर्यंत आली. पुढं काय? ती पाटीवर बोट फिरवत बसली.

२३ सप्टेंबर

पाच.

२७ सप्टेंबर, शनिवार

पापनाशमला बालवाडीच्या शिक्षिकांपुढं माझं भाषण. विषय – खेळातून शिक्षण! "मूल खेळतं तेव्हाच शिकतं, त्याला अडवू नका," असं मी म्हणाले. काय टाळ्या! एका बाईंनी डोळे पुसले. माझेही भरून आले, स्वतःच्याच वाक्यानं.

साडेसहाला घरी. सहा पस्तीसला पाटी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "गायत्री, ते भाषण मजही ऐकव की. आमच्या घरी कोणी तसं बोलत नाही." जयकुमारला असं नेमकं वेळेवर सुचतं.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. वर्गातली चाळीस पोरं बोलतात आणि आपलीच गप्प. हिला खरंच काही येत नसेल तर?

३० सप्टेंबर

मी ओरडले. ती रडली. मग मीही. समजूत म्हणून डब्यातल्या चकल्या, म्हणजे आमचे मुरुक्कू – तिला एक, मला चार.

२ ऑक्टोबर, सकाळ

काल सरस्वतीपूजा. पुस्तकं, पाटी, ही वहीसुद्धा देवीपुढं. दिवसभर लिहिणं-वाचणं बंद. माझे हात नुसते शिवशिवत होते!

दुपारी स्वयंपाकघरातून येते तो कीर्ति कोलूपुढं. नैवेद्याच्या सुंडलातले हरभरे बाहुल्यांना वाटत होती. "तुज दोन. तू लहान." उरलेले चेट्टियारपुढं मोजले – एकवीस, बावीस, तेवीस! एक घरंगळून पायरीखाली गेला. "जालं, आता बावीस," म्हणाली आणि एक तोंडात टाकला. "एकवीस."

वजाबाकी! आणि मी दाराआड डाव हातात धरून, गाढवासारखी उभी. दहा दिवस जे तिच्यात कोंबत होते ते तिच्याकडे होतंच. मग मला का सांगत नव्हती?

२ ऑक्टोबर, संध्याकाळ

विजयादशमी. शाळेत मोठ्या मिसनी तिला नाव विचारलं, पेन्सिल दिली, झालं. आकडा एकसुद्धा नाही!

घरी येऊन मी चेट्टियारला खाली काढलं. फुटला तर फुटला. म्हटलं, मलाही खेळायला घे. ती टीचर झाली, मी मूल.

"एक, दोन, तीन, चार, पाच..." मी मुद्दाम थांबले.

"पुढं काय?" कमरेवर हात, भुवया वर. अगदी मी!

मी डोकं खाजवलं. तिनं एकदा दाराकडं बघितलं, मग माझ्या कानाशी आली.

"सहा. हळू म्हण. अम्मानं ऐकलं तर सात विचारेल."