विटांवर उभी केलेली गाडी

धाकट्या,

तू नटबोल्ट आणायला गेलास तेवढ्यात हे लिहितेय. गिअरबॉक्स माझ्या दुलईवर उतरवून ठेवलास, तेलाचा हा एवढा डाग पाडलास, तो मी धुऊन काढीन. पण मागचा अॅक्सल काढून गाडी विटांच्या थप्प्यांवर ठेवलीस आणि एकटाच खाली शिरलास, हे खिडकीतून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. अक्कल काय गहाण टाकलीस?

वीट सांगून फुटत नाही. तुझ्या वडिलांची दोन बोटं कारखान्यात गेली असं आम्ही तुला सांगत आलो, ते खोटं आहे. ती याच अंगणात, याच गाडीखाली गेली. त्यांनीही विटाच लावल्या होत्या. मी जॅकपाशी राखण करत बसले होते. तू आत पाळण्यात रडायला लागलास म्हणून उठले, आणि तेवढ्यात वीट फुटली. तुझ्या मनाला लागू नये म्हणून त्यांनी कारखान्याचं नाव पुढे केलं आणि मला शपथ घातली. इतकी वर्षं पाळली, आज तुझ्यापायी मोडली.

जॅकचा दांडा पिशवीत घालून नेलाय, शोधत बसू नकोस. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून लोखंडी स्टँड आणायला चाललेय. नाही म्हणाला तर त्याच्या दारात ठाण मांडीन. जेवण झाकून ठेवलंय.

मी येईपर्यंत त्या गाडीखाली शिरलास आणि काही झालं, तर मी परत येऊन रागवायचं कुणावर?

— आई